हजीऱ्याचा नारळ

"मी नाही आणणार."

"नाही आणणार म्हणजे? शामलाताई, उद्या दुपारी अंगणात जाजमं पडतायत. वहिनीसाहेबांनी हळदीकुंकवाची तबकं घासायला काढलीत."

"जाजमं पडू देत, गालिचे पडू देत. हजीऱ्याची एक बाई मी आणणार नाही. आधी मंजुरीचा कागद दाखवा."

"हळू बोला हो! पुढच्या खोलीत भिंडहून आलेली माणसं बसलीत."

"ऐकू देत ना त्यांना! पाच वर्षं हळूच बोलत आले मी, भालचंद्रराव. ओठ न हलवता. त्याची ही फळं."

भालचंद्ररावांनी घाईघाईनं मधलं दार लोटलं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मंत्री तात्यासाहेबांच्या बंगल्याची ती मागची पडवी. भालचंद्रराव पुढच्या खोलीतले चिटणीस, शामला या पडवीतली. पुरुषांचे अर्ज पुढे, बायकांची गाऱ्हाणी मागे, अशी वाटणी. आज मात्र पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. खोकी, पेंढा, सुतळीचे गुंडे. टाइपरायटरला रजईत गुंडाळून नव्या बाळंतिणीसारखं कोपऱ्यात निजवलं होतं. ऑक्टोबर छप्पन्न सरत आला होता. महिना उलटला की मध्यभारत नावाचं राज्य संपणार, नव्या मध्यप्रदेशात मिसळणार आणि राजधानी होणार भोपाळ. दर उन्हाळ्यात दफ्तर इंदूरला न्यायचं आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला परत आणायचं, याची सगळ्यांना सवय होती. यंदाच्या खोक्यांवर मात्र 'परत' हा शब्द कोणी लिहीत नव्हतं.

"प्रसूतिगृहाचं भोपाळला गेल्यावर बघू, असं तात्यासाहेबांनी म्हटलंय," भालचंद्रराव म्हणाले. "तुम्ही बायकांना एवढंच सांगायचं. गोड शब्दांत. तुमची जबान आहे ना तशी."

"भोपाळला गेल्यावर का? फाईल इथली आहे. इथल्या सरकारनं शेवटची सही करून जावी. अजून दिवस आहेत. द्या ती फाईल माझ्याकडे, मी स्वतः घेऊन बसते तात्यासाहेबांच्या समोर. सही झाल्याशिवाय जेवू देणार नाही."

भालचंद्ररावांनी सुतळी दातानं तोडली.

"फाईल कुठल्या खोक्यात आहे?"

"शामलाताई..."

"मी सगळी खोकी उघडेन. मला ओळखता तुम्ही."

"उघडा!" भालचंद्रराव एकदम उसळले. "सगळी उघडा! मिळाली तर मलाही दाखवा. अहो, फाईल नाहीये. कधी नव्हतीच. बांधकाम खात्याला कोणी एक ओळ लिहिली नाही, अंदाजपत्रकात एक पैसा मागितला नाही. बसा आता!"

शामला खरंच बसली. खोक्याच्या काठावर.

"नारळ फोडलाय," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोर. हजीऱ्याच्या मैदानात. पायाचा दगड बसवलाय."

"फोडला. पण नारळाला बजेट नसतं, शामलाताई."

*

शामलाच्या या चुकीला हसण्याआधी ती कोणत्या घरातली, ते पाहायला हवं. तिचे वडील मधुसूदनपंत ग्वाल्हेर दरबारच्या खाजगी खात्यात होते. बैठकीचं काम त्यांच्याकडे. कोणता सरदार कुठल्या ओळीत, कोणाच्या मागे तक्क्या, कोणाला नुसती चादर, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. घरात ते कधी आवाज चढवून बोलले नाहीत. आवाज चढवायचा हक्क त्यांच्या लेखी एकाच माणसाला होता आणि तो माणूस राजवाड्यात राहत असे. त्या राज्यात असं होतं की महाराजांनी कुठे नारळ फोडला, तर खर्चाचं काय, कंत्राट कोणाला, असं कोणी विचारायचं नाही. नारळ फुटला तोच हुकूम. खोबरं वाटून संपायच्या आत गवंडी ओळंबा घेऊन हजर. कागद मागून, धापा टाकत येत असे. लष्करातल्या निम्म्या शाळा, धर्मशाळा अशाच उभ्या राहिल्या, असं मधुसूदनपंत सांगत. खरंखोटं देव जाणे. पण लष्करातल्या मराठी घराघरांत ही गोष्ट अशी मुरली होती, की राज्य गेलं तरी ती गेली नाही. अठ्ठेचाळीस साली दरबार मिटला, मधुसूदनपंतांनी पगडी डब्यात ठेवली. लोकांनी महाराजांच्या जागी मंत्री बसवला आणि नारळावरचा विश्वास जशाचा तसा त्याच्या हाती दिला. कोणी विचारलंच नाही, की बाबा, तुझ्या नारळामागे गवंडी आहे का?

अशा बैठ्या आवाजाच्या घरात शामला जन्मली आणि पहिल्या दिवसापासून ओरडली. "ही पोर बाड्याच्या चौकातून हाक मारेल तर छावणीतले टांगे थांबतील," असं तिची आई म्हणायची. लग्न झालं, नवरा विषमज्वरानं गेला, सासऱ्यांनी ट्रंकेसकट माहेरी पोचवली. पोचवताना दारातच म्हणाले, "आम्हाला बोलकी सून झेपत नाही." त्यावर शामला काय म्हणाली ते त्या गल्लीत अजून कोणी मोठ्यानं सांगत नाही. पुढे मुलींच्या शाळेत शिकवू लागली. मुख्याध्यापिकेशी भांडली. दुसऱ्या शाळेत गेली, तिथेही भांडली. आणि एक्कावन्न साली, पहिल्या मोठ्या निवडणुकीच्या तोंडावर, तात्यासाहेबांनी तिला बोलावणं पाठवलं.

तात्यासाहेब चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. गोरेपान, बोलायला लोणी. मोठ्या सभेत माणसांना डोलवत. पण चेहरे आणि नावं त्यांच्या डोक्यात टिकत नसत. स्वतःच्या मेव्हण्याला त्यांनी एकदा 'आपलं गाव कोणतं?' म्हणून विचारलं होतं.

"शामलाताई," ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "हजीऱ्यात आम्ही मार खाणार. गिरणी कामगारांच्या बायका मतदारयादीत नावंच देत नाहीत."

"का?"

"बाई आपलं नाव परक्या पुरुषाला कशी सांगेल? यादीवाले दारात जातात, तर आतून आवाज येतो, 'मुन्ना की अम्मा'. झालं. मुन्ना की अम्मा, लल्लू की दादी. असलं नाव यादीत चालत नाही, कापून टाकतात. गल्लीच्या गल्ली गेली आमची."

"मग मला काय करायचंय?"

"नावं काढा त्यांच्या तोंडून."

शामला हजीऱ्याला गेली. किल्ल्याला वळसा घालून, टांग्यानं, भर उन्हात. दारोदार फिरली. बायका पाणी देत, गूळ देत, नाव देत नसत. ती चिडली. "अगं, तुझ्या बापानं बारशाला खर्च केला तो काय फुकट?" असं मराठीत ओरडून पुन्हा हिंदीत सांगायची. बायका पदर तोंडाला लावून हसत. पण नाव? छे.

मग तिला सुचलं ते फक्त लष्करातल्या बाईलाच सुचलं असतं. तिनं तात्यासाहेबांच्या पत्नीला, उषाताईंना, हळदीकुंकू करायला लावलं आणि हजीऱ्याच्या बायका टांगे भरभरून आणल्या. इकडे लष्करच्या मराठणी नऊवारीत, तिकडे गिरणीवाल्यांच्या बायका लुगड्यांत, मध्ये पन्हं आणि वाटली डाळ. आणि आपल्या रीतीप्रमाणे उखाणे सुरू झाले. उषाताई लाजत लाजत उभ्या राहिल्या:

"बाड्यावरच्या घड्याळात वाजले पाच,
सदाशिवरावांचं नाव घेते, सासरी नाही जाच."

हजीऱ्याच्या बायका डोळे फाडून बघत राहिल्या. "हाय दैया! आदमी को नाम ले लओ!" एकीनं तर कानच झाकले. पण दुसरी उठली, तिसरी उठली, जी ती नवऱ्याचं नाव घेते आणि आभाळ काही कोसळत नाही! तेव्हा पाठीमागून एक उंच, काळीसावळी बाई ताडकन उठली. गिरणीतल्या जॉबरची, म्हणजे मुकादमाची, बायको. म्हणाली, "आदमी को नाम तो सब ले रईं. हम अपनो लेंगे. हमाओ नाम रामश्री."

कोणीतरी खदखदून हसलं, कोणीतरी टाळी वाजवली आणि नावांचा पूर आला. जनकदुलारी, कैलासी, शांती, गेंदा. वर्षानुवर्षं कोणी हाक न मारलेली नावं.

यादीवाला मागच्या पडवीत लिहीत होता. शामला त्याच्याजवळ उभी होती. ती हळदीकुंकवात येऊ शकत नव्हती, हे सांगायला नकोच. तबकं तिनं भरली, बायका तिनं आणल्या, खण-नारळ तिनं मोजून ठेवले. पण कुंकू लागलेल्या बायकांत पांढऱ्या कपाळाची बाई नको म्हणून ती पडद्याच्या अलीकडे. याला कोणाची हरकत नव्हती. तिचीसुद्धा नव्हती. आपल्याला राग कशाचा यायला हवा, हे माणसाला फार उशिरा कळतं.

जाताना रामश्री तिच्याकडे आली. "जिज्जी, नाम तो लिखा दओ. अब हमें का मिलेगो?"

"माँगो."

रामश्री हसली नाही. "जच्चा-घर. हजीरा में. हमाई बड़ी बहू लष्कर लाउत-लाउत टांगे में मर गई. आधे रास्ते. टांगेवाला बोलो, अब कहाँ लै चलूँ?"

शामला आत गेली. रामश्रीचं नाव, प्रसूतिगृहाची मागणी, टांग्यात गेलेली थोरली सून, सगळं तात्यासाहेबांच्या कानात सांगितलं. तात्यासाहेब बाहेर आले, डोळ्यांत पाणी आणून हात जोडून म्हणाले, "रामश्रीबाई, आपकी बहू हमारी बहू थी." बायकांचा बांध फुटला. रामश्री म्हणाली, "देखो, नेताजी को हमाओ नाम याद है!"

आणि तिथून ती पद्धतच पडली. बायकांची बैठक असली की तात्यासाहेबांच्या खुर्चीमागे पडदा आणि पडद्यामागे शामला. नाटकात विंगेतून वाक्यं सांगतात ना, तशी. 'कैलासी. मुलगा तुरुंगात.' 'गेंदा. नवरा पितो, पण त्याबद्दल बोलू नका, घर गळतंय ते विचारा.' तात्यासाहेब मान किंचित तिरकी करत, ऐकत आणि मग तेच, पण मधात घोळवून, बाहेर काढत. निवडून आले. मंत्री झाले. हजीऱ्याच्या मैदानात त्यांनी नारळ फोडला, दगड बसवला. रामश्रीनं त्या दगडाला हळद लावली. शामला गर्दीच्या मागे उभी होती. तिला त्या रात्री अभिमानानं झोप लागली नाही, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

मग वर्षं गेली. दगडावर शेळ्या चढू लागल्या. रामश्री दर महिन्या-दोन महिन्यांनी पडवीत येई. "जिज्जी, का भओ?" आणि शामला खात्रीनं सांगे, "होतंय गं. सरकारी काम आहे." तिला वाटे, कागद धापा टाकत येतच असेल.

*

भालचंद्ररावांना तिथेच सोडून शामला थेट पुढच्या खोलीत घुसली. भिंडची माणसं उठून उभी राहिली. बायका त्या खोलीत येत नसत.

"तात्यासाहेब, मला बोलायचंय."

तात्यासाहेबांनी तिचा चेहरा पाहिला आणि माणसांना बाहेर बसवलं.

"बसा."

"नाही बसणार. हजीऱ्याच्या प्रसूतिगृहाचा कागद तुम्ही कधी केलाच नाही?"

"कोण म्हणालं?"

"कागद करायचा नव्हता तर नारळ का फोडलात?"

तात्यासाहेब हसले. ते हसू गोड होतं. म्हणून तर शामलाच्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो शामलाताई, तुम्हाला राजकारणाची बिलकुल समज नाही. मंजुरी मागितली असती तर मुरैना म्हणालं असतं आम्हालाही द्या, शिवपुरी म्हणालं असतं आम्हालाही द्या. मागून काही मिळत नव्हतं, उलट नको म्हणून शिक्का बसला असता. नारळ फोडला, लोकांना धीर आला. धीर ही काय लहान गोष्ट आहे?"

"रामश्रीच्या बड्या सुनेला धीर होता की. टांग्यात मेली."

"कोण रामश्री?"

शामलाला वाटलं, गंमत करतायत. नव्हते करत.

"ते जाऊ द्या," तात्यासाहेब पुढे झुकले. "तुम्ही मोठं बघा. नव्या राज्यात सगळे एकमेकांचे पाय ओढतायत. जबलपूरवाले, रायपूरवाले, इंदूरवाले. ग्वाल्हेरचा माणूस मंत्रिमंडळात राहिला तरच ग्वाल्हेरचं काही होईल ना? उद्या वर्तमानपत्रवाले येतायत. हजीऱ्याच्या बायका ओवाळतायत असा फोटो निघाला तर भोपाळला माझ्या पाठीशी लोक आहेत, हे दिसेल. मी राहिलो तर प्रसूतिगृह होईल. मी गेलो तर तो दगडसुद्धा कोणी चोरून नेईल. आता सांगा, कोणाचं नुकसान?"

या माणसाचं हेच तर होतं: त्याचं खोटंसुद्धा हिशेबात बसायचं.

"आणि तुम्ही भोपाळला चला," ते म्हणाले. "तुमची बदली मी करवून घेतो. इथे राहिलात तर पडवी रिकामी, नोकरी खलास. वडील म्हातारे आहेत. तुमच्याशिवाय आम्ही मुके आहोत, शामलाताई. उद्या फक्त एक वाक्य सांगा बायकांना. 'भोपाळमधून काम लवकर होईल.' बस."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तुम्ही सांगाल," तात्यासाहेब म्हणाले आणि टेबलावरची घंटी वाजवली.

घरी आली तेव्हा मधुसूदनपंत ओसरीवर सुपारी कातरत होते. तिनं सगळं सांगितलं. ओरडून सांगितलं; शेजारच्या मंदाताईंनी खिडकी उघडली आणि लावून घेतली.

"नारळ फोडून कागद नाही?" म्हातारा पुटपुटला. "असं कसं होईल?"

"झालंय."

"मग हजीऱ्याला नको आणूस कोणाला. तू घरीच थांब. तब्येतीचं कारण सांग."

"म्हणजे भालचंद्रराव आणतील. टांगे ठरलेत. आणि पडद्यामागून कोण बोलेल? कोणीतरी बोलेलच!"

"मग जा आणि गप्प उभी राहा."

"बाबा, तुम्ही जन्मभर गप्प उभे राहिलात. काय मिळालं? पगडी आणि डबा!"

मधुसूदनपंतांचा अडकित्ता थांबला. हे ती बोलायला नको होती. बोलली. नंतर तिनं त्यांना गरम भात वाढला, वर तुपाची धार धरली. ते जेवले, पण एकमेकांकडे कोणी पाहिलं नाही.

*

शेवटी टांगे आलेच. हजीऱ्याच्या बायका दिवाळीची साफसफाई सोडून आल्या होत्या, हातांना अजून पांढरी माती होती. निरोप द्यायचा म्हणून कोणी बेसनाचे लाडू आणले, कोणी नुसता गूळ. अंगणात जाजमं भरली. व्हरांड्यात तात्यासाहेबांची खुर्ची, मागे पडदा. वर्तमानपत्राचा माणूस फोटोसाठी ऊन कुठून येतंय ते बघत होता. उषाताई तबक घेऊन एका बाजूला उभ्या होत्या.

पडद्यामागे भालचंद्रराव शामलाजवळ आले. "एकच वाक्य," ते कुजबुजले. "माझीही पोरंबाळं आहेत, शामलाताई. मीही भोपाळला चाललोय. सगळ्यांचं बिघडवू नका."

शामला पडद्याच्या फटीतून जाजमावर रामश्रीला शोधत होती.

तात्यासाहेबांनी भाषण केलं. ग्वाल्हेरची माती, भोपाळची मजबुरी, माता-भगिनींचा आशीर्वाद. मध्येच गळा भरून आला. बायकांनी डोळे टिपले. आणि टिपून होतायत तोच रामश्री उभी राहिली. केस आता पांढरे झाले होते, उंची तीच होती.

"मंत्रीजी, हम असीस देबे आए हैं. खूब बढ़ो. बस इतनी बता जाओ, जच्चा-घर कब बनेगो? छोटी बहू पेट से है."

तात्यासाहेबांनी मान किंचित तिरकी केली. पडद्याकडे.

पडदा गप्प.

त्यांनी जरा खाकरून पुन्हा मान तिरकी केली. भालचंद्ररावांनी शामलाच्या दंडाला कोपर लावलं. "बोला!" ते तोंडातल्या तोंडात म्हणाले. "बोला हो!"

तात्यासाहेब थांबून थांबून किती थांबणार? फोटोवाला बघत होता. त्यांनी हात जोडले, चेहऱ्यावर तीच माया आणली आणि म्हणाले, "रामकलीबाई, आपका दुख मेरा दुख है—"

जाजमावर कुजबूज उठली. रामश्री तशीच उभी. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आधी नुसतं न कळणं होतं. तिनं आजूबाजूला पाहिलं, जणू रामकली नावाची दुसरी कोणी उभी आहे का.

शामलानं पडदा ओढला. ओढला म्हणजे असा, की वरच्या कड्या तटतट तुटल्या आणि अर्धा कपडा भालचंद्ररावांच्या डोक्यावर आला.

"रामश्री!" ती ओरडली. "रामश्री नाव आहे तिचं! पाच वर्षं मी तुमच्या कानात ओतलंय ते नाव, एक दिवस तरी स्वतः लक्षात ठेवायचं होतंत!"

"शामलाताई," तात्यासाहेब हळूच म्हणाले, "आत जा."

"नाही जाणार. आता हिंदीत सांगते, सगळ्यांना समजेल असं." ती व्हरांड्याच्या पायरीवर आली, उषाताईंच्या तबकाला धक्का लागला, कुंकू तिच्या पांढऱ्या लुगड्यावर सांडलं आणि तिनं ते झटकलंही नाही. "सुनो सब! जच्चा-घर नहीं बनेगा. कोई कागज नहीं है. कभी नहीं था. मैदान का वो पत्थर झूठा है. इन्होंने नारियल फोड़ा, वोट लिए और भूल गए. आज तुम्हें बुलाया है सिर्फ फोटो के लिए!"

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. उषाताई तबक सावरत म्हणाल्या, "अहो, कोणीतरी हिला आवरा."

तात्यासाहेब उभे राहिले. त्या वेळीसुद्धा ते हसत होते. "बाईंची तब्येत बरी नाही. कामाचा ताण. बेहेनजी लोग, आप मिठाई लेकर जाइए." आणि भालचंद्ररावांकडे वळून, आवाज तोच ठेवून, मराठीत: "यांचं नाव भोपाळच्या कागदातून काढा."

"माझं नाव काढायला लगेच कागद सापडला!" शामला त्यांच्या पाठीवर ओरडली. ते आत गेले. दार लागलं.

बायका उठू लागल्या होत्या. हळदीकुंकवासाठी कोणी थांबलं नाही. लाडूंचं पुडकं एकीनं पायरीवर ठेवलं होतं, ते तिनं परत उचलून पदरात बांधलं. टांग्यांचे घोडे खिंकाळत होते. शामला गर्दीतून वाट काढत फाटकाशी पोचली, तिचा श्वास फुलला होता, आणि खरं सांगायचं तर तिला हलकंही वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती अंगणात होती, उन्हात, सगळ्यांसमोर, स्वतःच्या आवाजात.

"रामश्री! ठहरो."

रामश्री थांबली.

"मुझे कल ही पता चला. कसम से. मी समजत होते... मुझे लगा था, नारियल फूटा तो काम हो गया."

"तो बे सब बातें," रामश्री सावकाश म्हणाली, "हमाई बड़ी बहू की, टांगे की. बे मंत्री को नईं याद हतीं?"

"नहीं."

"तुम बताउत तीं. पीछे सें."

"हाँ. मीच."

"और हम हर बेर रोउत ते."

शामला नेहमीसारखी जोरात, घाईघाईनं बोलू लागली. "ऐक, सुनो. अजून दिवस आहेत. कल कलेक्टर कचहरी चलते हैं. सगळ्या जणी. मी पुढे उभी राहते, मी बोलते, सामने से, पडदा-बिडदा काही नाही. ते आपल्याला हाकलतील, आपण पुन्हा जाऊ. छोटी बहू के लिए. मैं सुबह हजीरा आऊँगी, तुम सबको जमा करके रखना. रखोगी ना?"

रामश्रीनं तिच्या लुगड्यावरच्या कुंकवाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. पाठीमागून टांगेवाल्यानं हाक दिली.

"रामश्री, रखोगी ना? बोल ना!"

रामश्रीनं चपला पायात सरकवल्या, मंत्र्यानं ठरवलेल्या टांग्याकडे न वळता बाकीच्या बायकांना, फक्त त्यांना, हातानंच चला म्हटलं आणि फाटकाबाहेर पडून पायीच हजीऱ्याच्या रस्त्याला लागली.